हाडाच्या अलीकडं

रिटायर झाले तेव्हा वॉर्डातल्या पोरींनी वर्गणी काढून
घड्याळ दिलं. पातळ, सोनेरी, साखळीचं.
घातलं की घरंगळत खाली येतं
आणि करंगळीच्या बाजूच्या हाडावर, त्या गोटीवर,
ठाण मांडून बसतं.
भाकरी थापताना टोचतं.
रिक्षात दांडी धरली की टोचतं.
रात्री तिथं लाल वळ.

मला सवयच नव्हती. सीपीआरमध्ये चौतीस वर्षं
घड्याळ छातीवर टाचलेलं, उलटं लोंबणारं:
समोरच्याला साडेसहा दिसायचे, मला बारा.
हात कोपरापर्यंत धुवायचे, दिवसातून चाळीसदा.
मनगट म्हणजे दुसऱ्याचं.
धरायचं, तीन बोटं ठेवायची, काटा बघत मोजायचं.

आता आपल्याच हातावर जागा शोधायची.
ज्याला विचारावं त्याचं वेगळंच.
शेजारचे इंगवले उद्यमनगरात लेथवर,
त्यांची तबकडी आतल्या बाजूला:
"लोखंडाचा कीस उडतो वहिनी, काच ऱ्हात न्हाई."
गंगावेशीत म्हशी पिळणारा सर्जेराव
घड्याळ पार कोपराजवळ चढवतो,
वेळ सांगताना बाही अशी सारतो
जणू दंड दाखवतोय.
भाची फोनवर म्हणाली, उजव्या हातात घाल.
घातलं. दिवसभर रिकाम्या डाव्या हाताकडं बघत
मी लोकांना विचारत होते, वाजले किती.

शेवटी सुभाषनगर. व्हटकरमामा.
"ही साखळी काढा बाई, मांजराच्या गळ्यात घाला."
बाभळीच्या सालीत कमावलेल्या कातड्याची पट्टी,
चपलेच्या कानांतून उरलेली,
त्यांनी रापीनं तासून पातळ केली.
माझा हात गुडघ्यावर घेतला
आणि अंगठ्यानं हाड चाचपलं, घोटा चाचपावा तसं.
"हाडावर न्हाई. पलीकडं बी न्हाई, तितं मनगट मोडतं
आन् किल्ली हाताच्या पाठीत घुसती.
अलीकडं. कोपराच्या अंगाला, बोटभर सोडून.
चप्पल बी अशीच. बरोबर बसली
की घालणाऱ्याला कळत न्हाई."

मग सैल किती ते बघायला
पट्ट्याखाली दोन बोटं सारली.
नेमकी नाडीवर.
त्यांना काय ठाऊक. कासारीण सोडली
तर माझं मनगट असं कुणी धरलं नव्हतं.
मी गप्प बसले, पेशंट बसतात तशी.

हात सोडवायच्या ऐवजी त्यांचाच धरला. सवय.
नव्या सेकंदकाट्यावर एक मिनिट.
दर सातव्या-आठव्या ठोक्याला
जिना उतरताना पायरी चुकावी तसं.
"गुरुवारी सकाळी या. केसपेपर काढू. मी असते."
"त्यात काय बघितलंसा?"
"काही नाही. दाखवून घ्यायचं."

त्यांनी आरी घेतली, केसांत एकदा फिरवली,
पट्ट्याला तीन भोकं पाडली.
एक आत्ताचं.
एक वैशाखाचं, दुपारी हात फुगतो म्हणून.
तिसरं पार आत, तबकडीच्या जवळ.
हे कशाला?
मान वर न करता म्हणाले,
"हात वाळतो की पुढं."

मला सांगायची गरज नव्हती.
तसल्या किती हातांत शीर शोधली होती.
पैसे त्यांनी घेतले नाहीत. चहा मात्र पाजला,
त्यात साखर जास्त.

गुरुवारी आठपासून रांगेत उभी होते.
पोरी येता-जाता म्हणत होत्या, मॅडम आत बसा.
मामा दिसेनात.
वाजले किती म्हणून भिंतीवर शोधलं,
पुढच्या बाईला विचारलं,
आणि मग आठवलं, हातात आहे.
आठ चाळीस.